पट्टीवरचं काळीज

१

"त्याला थांबवा. आत्ताच्या आत्ता," हृदयाचे डॉक्टर फोनवर म्हणाले आणि सिस्टरने धसका घेतला.

तसा धसका घ्यायला तिला फार काही लागत नसे. स्टुडिओतल्या तपासणीच्या खोलीत ती एकटीच नर्स. कुणी स्लिपर घालून शिडीवर चढला, कुणी जेवण टाळून नुसत्या चहावर दिवस ढकलला, कुणी कमरेतून वाकून जड पेटी उचलली, की हिच्या जिवाची घालमेल सुरू. युनिटमधले लोक तोंडावर 'सिस्टर' म्हणत आणि पाठीमागे 'धसकाबाई'. तिला ते ठाऊक होतं. म्हणेनात का बापडे! माणूस पडला की उचलायला सगळं गाव धावतं. पण तो पडू नये म्हणून आधी त्याचा रक्तदाब, डोळे, कान, पाठ बघायचं म्हटलं, की सगळ्यांना नेमकं तेव्हाच काम आठवतं. म्हणून ती दारात उभी राहून एकेकाला दंडाला धरून आत ओढायची.

"डॉक्टर, नीट सांगा. काय दिसलं?"

"तुम्ही गेल्या आठवड्यात काढलेली ईसीजीची पट्टी माझ्यासमोर आहे. ठोक्यांमध्ये फार वाईट गडबड आहे. वरून हा माणूस ठणठणीत दिसेल. पण एकदम दचकला किंवा गार पाण्यात उतरला, तर हृदय जागच्या जागी थांबू शकतं. करतो काय हा?"

"स्टंट करतो," सिस्टर म्हणाली. "आज दुपारी गार पाण्यातला शॉट आहे त्याचा. आणि शेवटी स्फोट."

"मग माझ्याशी काय बोलत बसलाय? पळा!"

ती दारातून निघते न निघते तोच शिवणवहिनी आडवी आली. ही कपडेपटात शिलाई मारायची, आणि तिचा नवरा दिव्यांसमोर उभं राहायचं काम करायचा.

"सिस्टर, ह्यांच्यासाठी पित्ताची गोळी द्या ना. दिवसभर उभं राहून पार वाट लागलीय. काल म्हणे छातीत कालवलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली."

"गोळी राहू दे, आधी माणूस पाठवा माझ्याकडे!"

"त्यांना कोण बोलावतंय? तुम्ही उंचावरचे, आगीतले, पाण्यातले बघता. हे आपले नुसते उभे."

"वहिनी, पाठवा म्हणजे पाठवा!" असं ओरडत सिस्टर जिन्यावरून खाली धावली.

स्टंट करणाऱ्याला सगळे उड्या म्हणत. तो सेटच्या मागे जोर काढत होता. सिस्टरने त्याला तसाच घामाघूम उचलून खोलीत आणला, आडवा केला, छातीवर वायरी लावल्या आणि नवी पट्टी काढून तिचा फोटो डॉक्टरांना धाडला. पट्टी कशी, तर शाळेतल्या हुशार मुलीच्या अक्षरासारखी, एकसारखी आणि वळणदार.

डॉक्टरांचा फोन लगेच आला.

"सिस्टर, ही पट्टी त्या माणसाची नाही. हे काळीजच वेगळं आहे."

"म्हणजे... गेल्या आठवड्यात मी तपासला तो कोण होता?"

"ते तुम्ही मला सांगायचं," डॉक्टर म्हणाले. "आणि लवकर शोधा. त्या बिचाऱ्याला स्वतःलाही माहीत नसणार."

२

आता कुणी म्हणेल, माणूस समोर बसला होता, हिला चेहरा आठवू नये? पण त्या दिवशी चेहरा होता कुठे! सिनेमात नायकाचा अपघात होतो, तो डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला असतो आणि तसाच इस्पितळातून पळतो. हे पळणं नायकाऐवजी उड्या करणार होता. त्या दिवशी तोच प्रसंग चालला होता. सिस्टरने लाउडस्पीकरवर उड्याच्या नावाचा पुकारा करायला लावला. थोड्या वेळाने पट्ट्या बांधलेला, निळा इस्पितळी अंगरखा घातलेला एक माणूस आत आला. डोळे, कान आणि तोंडाची फट तेवढी उघडी. "उड्या ना?" असं तिने विचारलं आणि त्याने मान डोलावली. बाहेर रांग लागलेली, मग कोण कशाला आणखी विचारतंय?

"मशीन बिघडलंय तुमचं," प्रॉडक्शन मॅनेजर दारातूनच म्हणाला. हा माणूस कायम घाईत असे आणि घाईचं कारण विचारलं तर चिडत असे. "उड्याला सोडा. सेट उभा आहे, टाकीत पाणी भरलंय, हीरो आलाय. तुमच्या धसक्यापायी दिवस घालवू का मी?"

"बसा," सिस्टर म्हणाली.

"काय?"

"बसा हो! मशीन बिघडलंय ना? बघू या."

तो नको नको म्हणेपर्यंत तिने त्याला पलंगावर टेकवला आणि वायरी लावल्या. पट्टी नीट निघाली. मग तिने स्वतःची काढली. तीही नीट. मशीन बिचारं खणखणीत होतं.

"माझं ठीक आहे ना?" मॅनेजरने शर्टाची बटणं लावत हळूच विचारलं.

"तुमचं ठीक आहे. पण ह्या आवारात कुणाचं तरी ठीक नाही, आणि तो कोण ते आपल्याला माहीत नाही."

मॅनेजरचं तोंड उतरलं. "सिस्टर, हीरोसुद्धा त्या दिवशी पट्ट्यांत होता. त्याचं असेल तर? हे बघा, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मी हात जोडतो."

"हीरो असो नाहीतर हमाल, मला माणूस हवाय," असं म्हणून ती उड्याकडे वळली. तो पलंगाच्या कडेवर पाय हलवत बसला होता.

"त्या दिवशी तूच आला होतास ना रे?"

"मीच की. दुसरं कोण येणार?"

सिस्टर त्याच्या डाव्या बाजूला गेली, वाकली आणि पुटपुटली, "उड्या, तुझ्या खांद्यावर विंचू आहे."

उड्या समोरच्या भिंतीकडे बघत स्वस्थ बसून राहिला.

"डावा कान गेलाय तुझा," ती पुढे येऊन म्हणाली. "त्या दिवशी आलेल्या माणसाच्या दोन्ही कानांत मी असंच कुजबुजले होते. त्याने प्रत्येक शब्द बिनचूक परत म्हणून दाखवला. खोटं कशाला बोलतोस माझ्याशी?"

उड्याचं अवसान गळालं. "सिस्टर, पाया पडतो, कुणाला सांगू नका. मागच्या सिनेमात एक बार कानाजवळ फुटला. बहिरा म्हटलं की मला कोण उभा करणार? तुमची तपासणी म्हटली की माझी पाचावर धारण बसते. पुकारा झाला तेव्हा मी सामानाच्या खोलीत लपलो होतो."

"आणि आपल्या जागी पाठवलंस कुणाला?"

"कुणालाच नाही! आईशप्पथ! बाहेर आलो तर सहायक बाई म्हणाली, 'उड्या, तुझं झालं, आता जेवून घे.' मी म्हटलं, सुटलो. तुमचीच काहीतरी गफलत असेल असं वाटलं मला."

मॅनेजरने हातातल्या वॉकीटॉकीवर सहायक दिग्दर्शिकेला विचारलं. पलीकडून घाईघाईचं उत्तर आलं, "उड्याचं झालं असं कुणीतरी ओरडलं, मी ऐकलं. कोण ते काय माहीत? आणि सर, आता वॉकी बंद करतेय. बार जोडायला घेतलेत." पाठोपाठ खरखर झाली आणि आवाज गेला.

स्फोटाचे बार जोडताना आसपासच्या सगळ्या वॉकी बंद करतात, चुकून ठिणगी पडायला नको म्हणून. म्हणजे आता टाकीच्या सेटवर कुणाशी बोलायचं तर पायीच जायला हवं होतं.

३

मेकअपदादा आरशासमोर ब्रश धूत होता. सिस्टर धापा टाकत आत शिरली, तसा तो म्हणाला, "बसा, आधी पाणी प्या. तुमचाच रक्तदाब वाढलेला दिसतोय."

"दादा, थट्टा नको. इस्पितळाच्या प्रसंगाच्या दिवशी तुम्ही किती जणांना पट्ट्या बांधल्या?"

"तिघांना," त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितलं. "कॅमेऱ्यापुढे येणारं प्रत्येक डोकं माझ्याच हातून जातं. एक उड्या, एक हीरो आणि एक तो बडबड्या, लांबून घेतलेल्या शॉटमध्ये हीरोच्या पलंगावर पडलेला."

"हीरो किती वाजता बसला तुमच्या खुर्चीत?"

"जेवणानंतर. सकाळी आलाच नव्हता तो. कधी येतो सकाळी?"

तपासणी जेवणाच्या आधी झाली होती. म्हणजे हीरो सुटला. मॅनेजर दारात उभा होता, त्याने जोरात सुस्कारा सोडला आणि सिस्टरने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो उरलेला सुस्कारा त्याने आतच गिळला.

राहिला बडबड्या. हा पंचविशीचा पोरगा, त्याच्या बडबडीला सगळे वैतागलेले, आणि आज तोही पाण्याच्या प्रसंगात गर्दीत होता. ती तडक गर्दीतल्या नटांच्या तंबूत गेली आणि त्याच्या मनगटावर बोटं ठेवूनच बोलायला लागली.

"तू त्या दिवशी तपासणीला आला होतास? उड्याच्या नावावर?"

"मी? कसा येणार सिस्टर? माझा पाय प्लास्टरमध्ये घालून दोरीने छताला टांगला होता! सकाळी टांगला तो संध्याकाळी उतरवला. जेवण भरवलं मला, नाक खाजलं तर तेही दुसऱ्यानेच खाजवलं. विचारा ह्यांना. मी इतका ओरडलो, पण कुणी..."

तंबूतले सगळे हसायला लागले. "खरंय सिस्टर, दिवसभर टांगलेला होता हा. आमच्या कानांना विचारा."

सिस्टर मात्र हसली नाही. पट्ट्या बांधलेली तीनच डोकी होती. एक लपून बसलं होतं, एक आलंच नव्हतं, एक छताला टांगलेलं होतं. मग तिच्यासमोर बसून, दोन्ही कानांनी तिचं कुजबुजणं ऐकून, तिच्या हातून वायरी लावून घेऊन गेलेला तो चौथा कोण?

"भूतबीत नव्हतं ना?" मॅनेजर म्हणाला. त्याला विनोद करायचा होता, पण बोलता बोलता त्याने मागे वळून बघितलं.

४

ती खोलीत परतली आणि त्याच स्टुलासमोर उभी राहिली. देवा, आठवू दे, असं म्हणत तिने डोळे मिटून घेतले.

आत आल्यावर तो कुठे उभा राहिला? डोळे तपासायला जमिनीवर तिने चिकटपट्टी लावली होती. बाकीच्या प्रत्येकाला 'पुढे या, मागे व्हा' सांगावं लागलं होतं. हा खाली न बघता थेट त्या पट्टीला अंगठे लावून उभा राहिला. बरं, हे तर कुठल्याही नटाला जमेल.

मग तिने त्याच्या डोळ्यांवर दिवा वळवला होता. दिवा डोळ्यांवर आला की कुणीही तोंड फिरवतं, आठ्या घालतं, हात आडवा धरतं. हा उलट दिव्याकडे वळला होता. आपणहून हनुवटी किंचित उचलून, पापणी न लववता, दिवा हलेपर्यंत तसाच राहिला होता. त्या वेळी तिला केवढं बरं वाटलं होतं, की निदान एक तरी शहाणा माणूस आला!

आणि तिसरी गोष्ट आठवली, तेव्हा तिने डोळे खाडकन उघडले. पट्टी निघाल्यावर त्याने काही विचारलंच नव्हतं. सगळे विचारतात. आडदांड हमाल विचारतात, आत्ता खुद्द मॅनेजरनेही विचारलं, 'माझं ठीक आहे ना?' स्वतःच्या काळजाची पट्टी समोर निघत असताना गप्प बसतो असा माणूस कुठे असतो? पट्टी आपली नाहीच, दुसऱ्या कुणाची तरी आहे, असं ज्याला मनापासून वाटतं तोच गप्प बसेल.

"कॅमेऱ्यापुढे येणारं डोकं," ती मोठ्याने म्हणाली. मेकअपदादाने फक्त तीच मोजली होती. दिव्यांपुढे येणारं, पण कॅमेऱ्यापुढे कधीच न येणारं डोकं त्याने मोजलं नव्हतं. आणि ह्या खोलीत बसून तिने तरी कुठे मोजलं होतं? 'हे आपले नुसते उभे.' अगं बाई! सकाळीच तर सांगितलं होतं तिला!

कपडेपटात वहिनी मशीनवर वाकली होती.

"वहिनी, त्या इस्पितळाच्या दिवशी तुमच्या ह्यांच्या डोक्याला पट्ट्या होत्या?"

"होत्या की. मीच बांधल्या, जुन्या कापडाच्या. पांढऱ्यावर उजेड कसा पडतो ते बघायचं असतं ना दिवेवाल्यांना. का हो?"

"आणि उड्याच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा?"

"तेव्हा हे उड्याच्या खुणेवरच उभे होते, शॉटमध्ये तो जिथे उभा राहतो तिथे. त्याच्या खुणेवर असले, की त्याला मारलेली हाक ह्यांचीच. तेच काम आहे त्यांचं, दिवे, कॅमेरा सगळं बसेपर्यंत दुसऱ्याच्या जागी राहायचं." वहिनीने दोरा दातांनी तोडला. "घरी येऊन सांगत होते, आज सिस्टरनी मशीन माझ्यावर लावून बघितलं. वायरी नीट बसल्या, मग उड्याची खरी तपासणी घेतली असेल. मी म्हटलं, बरं झालं, तुमच्यामुळे त्यांचंही काम सोपं झालं."

त्या भल्या माणसाला ती तपासणी म्हणजे रंगीत तालीम वाटली होती.

"आता कुठे आहेत ते?"

वहिनी तिचा चेहरा बघून उठून उभी राहिली. "कुठे म्हणजे? टाकीवर. उजेड बसवताहेत ना. पाण्यात उभे असतील."

५

टाकीचा सेट म्हणजे भलीमोठी बंद शेड. वर लोखंडी मचाणावर दिवेवाले, खाली तळघराच्या खोट्या भिंती आणि मध्ये कमरेइतकं काळं पाणी. पाण्याच्या मधोमध, डोक्याला पांढऱ्या पट्ट्या बांधून, निळ्या अंगरख्यात वहिनीचा नवरा, खांबभाऊ, उभा होता. युनिटमध्ये सगळे त्याला ह्याच नावाने ओळखत. पलीकडच्या कोपऱ्यात दोन माणसं तारा जोडत होती.

वहिनीने हाक मारायला तोंड उघडलं, तसा सिस्टरने तिच्या तोंडावर हात दाबला.

"ओरडू नका. दचकता कामा नये त्यांनी. काही झालं तरी दचकता कामा नये. तुम्ही कोरडी शाल घेऊन पायऱ्यांवर थांबा. मी आणते त्यांना." मग मॅनेजरच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "तारवाल्यांकडे जा. चालत जा, धावू नका. त्यांना थांबवा आणि ॲम्ब्युलन्स मागच्या दाराला लावा."

ती पाण्यात उतरली. पाणी इतकं गार होतं की तिच्याच तोंडून 'स्स्' निघालं. साडी पायांना चिकटली. पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून ती पाय घासत घासत पुढे सरकत होती, चेहऱ्यावर उसनं हसू आणून. मनात एकच चाललं होतं, की आत्ता नको, देवा, आत्ता नको.

"काय खांबभाऊ," ती अगदी सहज म्हणाली, "बरं आहे ना?"

"सिस्टर? तुम्ही कशाला उतरलात? गार आहे पाणी." त्याचे ओठ निळसर दिसत होते.

"तुम्हाला न्यायला आले. जरा वर चला हळूहळू."

"आत्ता नाही येता यायचं. उजेड बसतोय. मी हललो तर वरच्या पोरांना सगळं पहिल्यापासून करावं लागेल. सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही, असंच आहे आमचं."

"मी सांगतेय ना."

"तुमचं नाही चालत इथे, सिस्टर," तो गोड हसून म्हणाला. "तुमचं खोलीत चालतं."

काय करावं ह्या माणसाला! ओढावं तर दचकेल, खरं सांगावं तर त्याहून जास्त दचकेल. टाकीला पूर्ण वळसा घालून जाणारा मॅनेजर तारवाल्यांपर्यंत अजून पोहोचला नव्हता. शेवटी सिस्टर म्हणाली, "बरं. मी उभी राहते तुमच्या जागी. मग तर झालं?"

खांबभाऊ विचारात पडला. त्याने तिला खालून वर न्याहाळलं.

"उंची थोडी कमी पडेल," तो म्हणाला. "पण टाचा उचलल्या तर जमेल. पाण्याखाली वीट आहे बघा, तिला अंगठे लावा. हां. हनुवटी वर. उजेडाकडे बघा, डोळे मिटायचे नाहीत. ह्या पट्ट्या डोक्याला गुंडाळा म्हणजे पांढरं दिसेल त्यांना."

त्याने पट्ट्या सोडून तिच्या डोक्याला जमेल तशा गुंडाळल्या, एक पाऊल मागे सरून बघितलं आणि मगच तो निघाला. सिस्टरला मान वळवता येत नव्हती. ती नुसती ऐकत होती. पाण्याची सळसळ हळूहळू दूर गेली. मग पायऱ्या. मग वहिनीचा दबका आवाज, "या, इकडे या, हळू." मग जाड दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज.

"ए, उंची कशी कमी झाली रे?" मचाणावरून कुणीतरी म्हणालं. "खांबभाऊ, वाकलात का?"

त्याच क्षणी कोपऱ्यातला, चाचणीसाठी जोडलेला बार उडाला.

मॅनेजर पोहोचला होता, हात हलवत होता, पण तारवाल्याचं बोट बटणावर आधीच दाबलं गेलं होतं. पाणी उसळून भिंतीएवढं उभं राहिलं. सिस्टर किंचाळली, पाण्यात बसली, पुन्हा उठली. तिचं काळीज छाती फोडून बाहेर येईल असं धडधडत होतं. धडधडत तरी होतं. हा धक्का खांबभाऊच्या छातीला बसणार होता, हे तिला कळलं आणि ती तिथेच पाण्यात उभी राहून लहान मुलीसारखी रडायला लागली.

ॲम्ब्युलन्समध्ये खांबभाऊला आडवा केला होता. छातीवर वायरी होत्या, अंगावर दोन शाली. सिस्टर भिजलेल्या साडीने शेजारी बसली होती, तिचे दात वाजत होते, नजर मशीनच्या पडद्यावरून हलत नव्हती. डॉक्टर फोनवर होते, इस्पितळात सगळी तयारी झाली होती. वेळेत आलात, ह्यावर उपाय आहे, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. वहिनी नवऱ्याचे गार पडलेले तळपाय दोन्ही हातांनी चोळत होती.

"उजेड अर्धवट राहिला," खांबभाऊ छताकडे बघत पुटपुटला. "पोरं खोळंबली असतील. माझ्या जागी कुणाला तरी उभं करायला सांगा हो मॅनेजरना."

वहिनीचे हात थांबले.

"करतील हो! तिथे कुणालाही उभं करतील!" ती एकदम कडाडली. "घरात तुमच्या जागी मी कुणाला उभं करू, ते सांगा की मला!"

त्याने पाय तिच्या हातांत तसेच राहू दिले आणि गाडी फाटकाबाहेर पडली.